उभ्या गाडीचा धूर

गुडघा दुखायला लागल्यापासून शनिवारची मंडई बायकोकडे आणि गाडीत बसून राहणं माझ्याकडे, अशी आमची वाटणी झाली. मे महिन्यात काचा बंद, एसी चालू, म्हणजे इंजिनही चालूच. गाडी डिझेलची, दहा वर्षांची. एसीचा कॉम्प्रेसर लागला की इंजिन जोर करायचं आणि समोरच्या पडद्यावरचं अ‍ॅव्हरेज उभ्या जागी घसरायचं. पुण्यात माणसाच्या तब्येतीआधी गाडीच्या अ‍ॅव्हरेजची चौकशी होते, त्यामुळे ते घसरलेलं माझ्या जिवाला लागायचं. मागून धूर कुठे जातो, हे मात्र कधी मनात आलं नाही.

तो जायचा मावशींच्या तोंडावर. गाडीमागे फुटपाथवर त्या पालेभाजी घेऊन बसत. बायको वर्षानुवर्षं त्यांच्याकडूनच घ्यायची. एकदा त्यांनी काचेवर टकटक केली.

"साहेब, गाडी बंद करा की. धूर पार भाजीवर येतोय."

"दोन मिनिटांत निघतोच आहे," म्हणत मी काच वर केली. माझी दोन मिनिटं अर्ध्या तासाची असतात.

मग बायको आली. सवयीने तिने कोथिंबिरीची जुडी नाकाशी नेली आणि परत ठेवली. मला आरशात सगळं दिसत होतं. ती काहीतरी फटकळपणे बोलली. मावशींनी नुसतं गाडीकडे पाहिलं.

"मावशींकडची कोथिंबीर आता बंद," गाडीत बसता बसता बायको म्हणाली. "कसला वास मारतेय! कुठल्या घाण पाण्यावर पिकवतात कोण जाणे. तोंडावर सांगून आले."

मी "हं" म्हणालो. तो वास कशाचा, ते मला ठाऊक होतं. मला माझी लाज वाटली, पण तोंड उघडलं नाही.

पुढच्या शनिवारी मी इंजिन बंद केलं आणि लंगडत मावशींपाशी गेलो.

"मावशी, चुकलं माझं. तो वास माझ्या गाडीच्या धुराचा होता."

"ते मला ठावं हाय," जुड्यांवर पाणी मारत त्या म्हणाल्या. "बाईंना सांगितलं का?"

नव्हतं सांगितलं. बायको चार टोपल्या पलीकडे, दुसऱ्या बाईकडून कोथिंबीर घेत होती. मी तिला हाक मारली आणि मावशींसमोरच सगळं सांगून टाकलं.

"मावशी, काय काय बोलले हो मी तुम्हाला!" तिने त्यांचा ओला हात धरला. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही, आणि मला ते योग्यच वाटलं.