आईनं आधी चाखलेला घास

भिगवणला हायवेवरच्या खानावळीत चिलापी माशाचं कालवण उकळायला लागलं, की मला तात्यांची शेवटची खोली आठवते.

तात्या माझे वडील. कॅन्सर हाताबाहेर गेल्यावर त्यांना आम्ही बारामतीजवळच्या एका शुश्रूषागृहात नेलं; तिथं शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांच्या फक्त वेदना कमी करत. थोडी ताकद आली की घरी जाऊ, असं तात्यांना सांगून. तिथं घरच्यांनाही राहता येई. आईला मात्र सगळ्याचाच संशय. "सलाईन न्हाय, तपासणी न्हाय, नुसतं गोड बोलत्यात. काय तरी काळंबेरं हाय," ती माझ्या कानाशी पुटपुटायची.

एका दुपारी नर्सबाईंनी तात्यांच्या आवडीचं म्हणून कालवण-भात आणला. आईनं ताट ओढून आधी स्वतः घास खाल्ला आणि बाईंकडे रोखून पाहत राहिली.

"अगं, त्या कशाला इख घालतील?" तात्या शांतपणे म्हणाले. "मरायलाच आणलंय न्हवं मला हितं? दे ते ताट."

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. आता वाटतं, आजाराशी भांडता येईना म्हणून आई त्या ताटाशी भांडत होती.

आईनं काटे काढले, मासा भातात कुस्करला आणि भरवायला लागली. दोन-चार घासांनी तात्या म्हणाले, "माझ्यामागं गोठ्यातली म्हसरं इकू नगंस."

असलं बोलू नका, असं ती नेहमी म्हणायची. त्या दिवशी म्हणाली, "न्हाय इकत."