मोडलेल्या हळकुंडाचा रंग

हिंगोलीत वेबसाइट करून देणारी मी एकटी नाही, पण रंगांच्या बाबतीत सगळ्यात हट्टी मीच असेन. माझी खोली मोंढ्याच्या, म्हणजे हळदीच्या बाजाराच्या, मागच्या रस्त्यावर आहे. गिऱ्हाईक आलं की पहिला तास रंगांवरून वाद. मोबाइलच्या दुकानवाल्याला सगळे रंग एकदम हवे असतात, मंगल कार्यालयवाल्याला गुलाबीवर सोनेरी अक्षरं. मी सगळ्यांना एकच सांगते, तीन रंग पुरेत. एक मागे, एक अक्षरांना, आणि तिसरा फक्त तिथे, जिथे माणसाने बोट ठेवावं असं आपल्याला वाटतं. हे सांगताना माझा आवाज मास्तरणीसारखा होतो, हे मला माहीत आहे.

दोनेक वर्षांपूर्वी कनेरगाव नाक्याजवळच्या एका तांड्यावरून एक मावशी आल्या. पन्नाशीच्या, मोजकं बोलणाऱ्या. घरच्या हळदीतली थोडी त्या मोंढ्यात न घालता घरीच दळून विकत. अकोल्याच्या एका मसालेवाल्याने त्यांना सांगितलं होतं, आधी माल वेबसाइटवर दाखवा, मग बोलू. हे गिऱ्हाईक जमलं तर वर्षाची सगळी हळद दळून एकाच दारी जाणार होती, आणि मोंढ्यात बोली लागेपर्यंत ताटकळणं संपणार होतं. त्यांना तेवढंच हवं होतं.

हळदीची साइट म्हणजे पिवळी, त्यात विचार कसला करायचा, असं मी धरून चालले. मोंढ्यातल्या ढिगातल्या एका चकचकीत हळकुंडाचा फोटो काढला आणि त्यावरचाच पिवळा उचलून मागे पसरला. अक्षरं आधी पांढरी ठेवली होती. उन्हात मोबाइल धरून पाहिला तर एक ओळ वाचता येईना, म्हणून ती गडद तपकिरी केली. एवढ्यावर मी स्वतःवर खूश झाले. फक्त एक गोष्ट खटकत होती. त्या झगझगीत पिवळ्यासमोर मावशींच्या पुडीचा फोटो मळकट दिसत होता. मग मी फोटोचा रंग जरासा वाढवला. मिनिटभराचं काम. पूड अशी खुलली की मलाच बरं वाटलं.

आठवड्याने मावशी फोन न करताच आल्या. खुर्ची पुढे केली तरी बसल्या नाहीत. मसालेवाल्याने त्यांना कळवलं होतं की रंग घातलेली हळद आम्ही घेत नाही. घरी येऊन बघा म्हणून त्यांनी सांगितलं, तर त्याने फोन ठेवला. त्यांनी मला साइट उघडायला लावली. मग पिशवीतून एक हळकुंड काढलं, माझ्या टेबलावरच्या पेपरवेटने फोडलं आणि दोन्ही तुकडे पडद्याशी धरले. आतला रंग गडद, जवळजवळ नारिंगी होता. माझ्या पडद्यावर तो कुठेच नव्हता.

"मी रंग टाकला न्हाई," त्या म्हणाल्या. "तुमी काहून टाकला?"

माझ्याकडे उत्तरं होती. रंगांचा मेळ, उठाव, सगळं होतं. पण मी ते दोन तुकडे हातात घेतले. माझे वडील जन्मभर याच मोंढ्यात हळद पारखत आले. हळकुंड हातात आलं की ते आधी मोडायचे. वरची चकाकी पॉलिशच्या ड्रममध्ये घासून येते, ती बघायची नसते, हे मी शाळेत जायच्या आधी शिकले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो मी घातला होता. मला फार लाज वाटली.

मावशींसमोरच मी अकोल्याला फोन लावला. फोटोत रंग मी वाढवला, बाईंच्या मालात काही नाही, असं सांगितलं. तो हसला, म्हणाला सगळे असंच सांगतात.

साइट मी पुन्हा केली, यावेळी मावशींना शेजारी बसवून. पूड ज्या धुवट पांढऱ्या फडक्यातून गाळतात त्याचाच रंग मागे घेतला. पुडीचा फोटो खिडकीच्या उजेडात काढला, आणि खरी पूड मोबाइलशेजारी ठेवून तो ताडून पाहिला. मोडलेल्या हळकुंडाचा नारिंगी फक्त ऑर्डरच्या बटणाला दिला. एवढासाच काहून, असं त्यांनी विचारलं. मी त्यांच्या पिशवीवरच्या भरतकामाकडे बोट दाखवलं. तिथेही लाल फक्त काठाला होता. त्यांना पटलं.

महिनाभराने नांदेडच्या एका बाईंनी साइटवरून विचारलं, हळद फिकी दिसते, जुनी आहे का? मावशी तेव्हा माझ्याकडेच बसल्या होत्या. मी निरोप वाचून दाखवला, आणि माझा हात आपसूक माउसकडे गेला. अगदी किंचित उजळू का, कुणाच्या लक्षातही येणार नाही, असं मी म्हणालेसुद्धा.

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "फिकी म्हणली तर पाठवून दाखवता येतं. खोटी म्हणली तर काय दाखवू?"

त्या बाईंना त्यांनी पावशेर पूड पाठवली, आणि वर एक मोडलेलं हळकुंड. आता प्रत्येक पुड्यात ते जातं. नांदेडहून दर दोन महिन्यांनी मागणी येते, आणखी चार-पाच घरं जोडली गेली आहेत. अकोल्याचं गिऱ्हाईक मात्र गेलं ते गेलंच, आणि बाकीची हळद अजून मोंढ्यातच येते. हंगामात मावशी ढिगाशेजारी बोलीची वाट बघत बसलेल्या असतात, आणि माझ्या खिडकीतून त्या मला दिसतात.