मोलींचं खारं पाणी

उन्हाळा लागायच्या आधी घरातल्या कामांची यादी मी दर वर्षी करते. कूलरची खस बदलायची, माठ आणायचा, छतावरच्या टाकीवर ओलं गोणपाट टाकायचं. त्या वर्षी यादीत माशांची पेटी लिहिली नव्हती. घरात तिचा तो पहिलाच उन्हाळा होता आणि तिलाही काही लागेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

पेटी आणली धाकट्या दिराने, पावसाळा सरता सरता. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी हातमाग विकल्यावर पुढची खोली रिकामी पडली होती. तिथे त्याने टेबलावर काचेची पेटी मांडली आणि काळ्या मोली सोडल्या. तो सायन्सला होता. मोली गोड्या पाण्यात वाढते, पण मीठ हळूहळू वाढवत नेलं तर समुद्राच्या पाण्यातही राहते, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. ते त्याला करूनच बघायचं होतं. घरात समुद्र कोणीच पाहिला नव्हता. दर रविवारी तो थोडं पाणी काढायचा आणि बादलीत खडेमीठ विरघळवून तेवढंच पाणी परत भरायचा. मामाजी, म्हणजे माझे सासरे, शेजारी बसून मिठाच्या वाट्या मोजायचे.

थंडीत त्याला कावीळ झाली. सासूबाई आधीच गेलेल्या, माझ्या नवऱ्याची मिलमध्ये पाळी, म्हणून दवाखान्यात मी राहिले. मामाजींना दम्यामुळे तिकडे नेलं नाही. दीर परत आला नाही.

तेराव्यानंतर मामाजींनी पेटीचं सगळं आपल्याकडे घेतलं. मला त्यात हातही लावू देत नसत. मी विरोध केला नाही. माणूस सकाळी उठून काहीतरी करत होता, तेवढं मला पुरे होतं. शेजारचे बुवा एकदा दारातून डोकावून म्हणाले, "काय गा, माशायचं लोणचं घालून राहिला काय?" मामाजी हसले. मुलगा गेल्यानंतर ते पहिल्यांदा हसलेले मी पाहिले.

एप्रिल महिन्यात कूलर खिडकीत लागला. त्याचा वारा थेट पेटीवर यायचा. वरून नागपूरचं ऊन. सकाळी भरलेलं पाणी संध्याकाळपर्यंत चांगलं खाली गेलेलं असे. मामाजी रोज ते वरपर्यंत भरत. पाणी एक दिवसही कमी पडू दिलं नाही, असं त्यांनी मला दोनदा तरी सांगितलं.

मग मोली मंदावल्या. कल्ले हलत, पण शेपट्या मिटलेल्या. एका सकाळी त्यातल्या काही तळाशी आडव्या पडलेल्या दिसल्या. मी फडकं घेऊन काच पुसायला गेले तर काठावर पांढरा थर. बोटाने जिभेला लावला आणि थुंकून टाकला.

"मामाजी, रोज वरून कोणतं पाणी टाकता?"

त्यांनी बादली दाखवली. तळाशी न विरघळलेलं मीठ होतं.

मी त्यांना समजावून सांगितलं. उन्हाने पाणी उडून जातं, मीठ उडत नाही, ते आतच राहतं. रविवारी खारं पाणी काढून खारं भरलं तर बरोबर. आटलेलं मात्र साध्या पाण्याने भरायचं. दिराने हे सांगितलं नव्हतं, कारण थंडीत पाणी आटतच नव्हतं. एवढं बोलून मी कामाला लागले. मगाने खारं पाणी काढत होते, माठातलं साधं पाणी थोडं थोडं सोडत होते. एकदम बदललं असतं तर मोलींनी तेही सोसलं नसतं. मी शिकवते त्या शाळेत रजा कळवली. दुपारपर्यंत अर्ध्या उलटल्या. दिवेलागणीला एकही हलत नव्हती.

मामाजी जागचे उठले नव्हते. जेवलेही नव्हते. मागावर सूत ताठ करायला पिठाची खळ लावतात, ती त्यांनी जन्मभर स्वतः शिजवली होती.

"खळ आटली का मी सादं पाणीच घालत होतो वं," ते म्हणाले. "घट्ट झाली तर सूत तुटते, हे मले लहानपणापासून मालूम. अन् यायले मी मीठ घालून राहिलो. तो मीठ घाला म्हणे, म्हणून."

मी म्हटलं, तुमची चूक नाही. ते त्यांनी ऐकलं की नाही, कोण जाणे. मी मेलेल्या मोली गाळणीने काढत होते. ते माझ्या हाताकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, थंडीपासून एकदाही न विचारलेलं.

"पोराले लय तरास झाला काय वं?"

दवाखान्यातल्या रात्री मला सगळ्या आठवत होत्या. शेवटी त्याला शुद्ध नव्हती, झोपेतच गेला, असं मी सांगितलं. ते खरंच होतं. त्याआधीचं त्यांनी विचारलं नाही. मी गाळणी पुन्हा पाण्यात घातली.