टाकीतली गिट्टी

सहदेव आमच्या गावचा वॉलमन. जळगाव जामोदच्या वरच्या अंगाला आमचं गाव. पाण्याची टाकी टेकडावर आणि घरं पार खाली. पाणी इतक्या जोरात उतरतं की खालच्या आळीचे नळ उडतात. म्हणून सहदेव टेकडाखालचा वॉल जेमतेम उघडून पाणी सोडायचा. या कामाचा त्याला भारी अभिमान. पाहुण्यांना तो आधी वॉल दाखवायचा, मग घर.

उन्हाळ्याच्या तोंडाशी तो वॉल वाजायला लागला. डब्यात मूठभर खडी घालून कोणी हलवावी तसा. सहदेवनं चेंबरमध्ये उतरून पाइपाला कान लावला आणि तिथूनच निकाल दिला, "युसूफभाईनं टाकीत गिट्टी सोडली."

युसूफभाई गवंडी. दिवाळीत टाकीचं आतलं प्लास्टर त्यांनीच केलं होतं. ऐकलं तसे ते आले. "टाकी रिकामी कर, सहदेव. मी सोताच उतरतो. गिट्टी निघाली तर पुन्हा थापी हातात धरत नाही."

गाव दिवसभर कोरडं राहिलं. युसूफभाई शिडीनं उतरले, तळ चाचपला आणि वर आले ते हातात चप्पल घेऊन. प्लास्टरनंतर टाकी धुताना सहदेवची हरवली होती ती.

सहदेव हटला नाही. "मंग गिट्टी वॉलमंदी अडकली असन."

तालुक्याहून पाणीपुरवठ्याच्या इंजिनियर सुचिता मॅडम आल्या. वॉल खोलला. आत खडा नव्हता, पण लोखंडी झडप उंदरांनी कुरतडावी तशी झाली होती.

"हे पाण्यानंच खाल्लंय," मॅडम म्हणाल्या. "एवढ्याशा फटीतून पाणी सुसाट निघतं, तिथं दाब एकदम पडतो आणि पाण्यात वाफेचे बुडबुडे होतात. पुढं दाब वाढला की ते फुटतात. हा आवाज त्यांचाच. फुटताना ते लोखंड टोकरत जातात."

"म्हंजे थंड पानी उकळते?"

"तेवढ्या जागी, हो."

सहदेवनं सगळ्यांकडं पाहिलं. कोणी हसत नव्हतं, हेच त्याला जास्त लागलं.

मॅडमनी नवा वॉल बसवून घेतला आणि खाली आणखी एक. सगळा दाब एकट्यानं सोसायचा नाही, दोघांनी वाटून घ्यायचा. आवाज थांबला. युसूफभाई मात्र थांबले नाहीत. "गावासमोर बोललास, आता गावासमोरच फेड."

सहदेवनं पंचायतीच्या भोंग्यावर सांगितलं, "युसूफभाईनं गिट्टी टाकली नव्हती. माही चूक झाली. पान्यात बुडबुडे होते, त्याहीनं लोखंड खाल्लं."

थोड्याच वेळात खालच्या आळीच्या अन्नपूर्णाबाई हंडा घेऊन हजर, मागं आणखी बायका. "लोखंड खाते ते पानी आम्ही पिऊन राह्यलो काय रे?"

सहदेव दाब, फट, वाफ समजावू लागला आणि बायका एकेक हंडा ओतून टाकू लागल्या. शेवटी युसूफभाईंनी नळाखाली तांब्या भरला, अर्धा स्वतः प्यायले, उरलेला सहदेवला दिला.

दोघांना काही होतं का, ते बघत अन्नपूर्णाबाई दिवेलागणीपर्यंत समोर बसून राहिल्या. मधे उठून त्यांनी दोघांना भाकरी आणि ठेचा आणून दिला. रिकाम्या पोटी परीक्षा नको, म्हणाल्या.