दगडावर ठेवलेला चहा

तळेगाव दाभाड्याहून किल्ल्याच्या पायथ्याच्या तिकोणा पेठेला जायला दोन-अडीच तास लागतात. मला तीन वर्षं लागली.

माझे यजमान त्या रस्त्यावर गेले. शेतावरच्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचे ते. एका मंगळवारी काम आटोपून परत येताना छातीत दुखलं आणि संपलं. शेवटच्या घडीला जवळ कोणी होतं का, हे मला कोणीच सांगू शकलं नाही. मी देवाजवळ एकच मागायचे, ते एकटे नसू देत. आणि ‘एकटेच होते’ असं कळेल या भीतीने तिकडे फिरकत नव्हते. गेल्या सप्टेंबरात एका सकाळी घरात बसवेना. पिशवी घेतली आणि निघाले.

कामशेतपर्यंत रेल्वे. स्टेशनाबाहेर पवनानगरच्या जीप मिळतात. सीटा भरल्याशिवाय त्या हलत नाहीत, म्हणून लवकर जा आणि सुटे पैसे ठेवा. खाण्यापिण्यासकट माझं तीनशेच्या आत भागलं. पावसाळ्यात जाणार असाल तर पायात पट्ट्याच्या सँडल घाला.

पवनानगरला दुसरी जीप घेतली. रस्ता धरणाच्या कडेने जातो म्हणतात. त्या दिवशी मला रस्त्याचीच कड दिसली नाही, इतकं धुकं. बाकीचे वाटेत उतरले. सकाळचे दहा वाजले होते आणि जीपमध्ये ड्रायव्हर आणि मी, दोघंच.

“मावशी, या वयात किल्ला चढताय व्हय?”

“किल्ला नाही रे बाबा.”

“मग पावन्यांकडं?”

“तसंच समज.”

जरा पुढे जाऊन त्याने गाडी थांबवली. “उतरा. हितं चा मिळंल. धुकं हाललं की नेतो.” आणि सीट मागे टाकून डोळे मिटले.

मी खाली उतरले. टपरी दिसत नव्हती. समोरून बाईचा आवाज आला.

“घ्या भाऊ, गरम हाय.”

कोणी उत्तर दिलं नाही.

“फिका न्हाई, आदीच सांगते.” मग थोडं थांबून, कोणाचं ऐकून घेतल्यासारखं, “बरं.”

परत फिरावंसं वाटलं. पण मागे जायचं तर जीपही दिसेना. आवाजाच्या दिशेने गेले. नऊवारीतली एक म्हातारी कपबशी एका सपाट दगडावर ठेवत होती. दगडापाशी माणूस नव्हता.

“कोणाला देता?” मी विचारलं.

“एक भाऊ बसलं व्हतं हितं. तीन वर्सं झाली. चा सांगितला आन् कललं. म्या मांडीवर डोस्कं घेतलं, चा तसाच राहिला. तहानलेला मानूस गेला की त्याच्या जागी पानी ठेवत्यात आमच्यात. ह्यांनी चा मागितलेला, म्हून चा. मंगळवार चुकवत न्हाई म्या.”

त्या दिवशी मंगळवार होता. मी घरून निघताना वार बघितला नव्हता.

“डोक्याला केस होते?”

“कुटले! गुळगुळीत टक्कल.”

देवाने आपल्या डोक्याचे केससुद्धा मोजलेत, असं चर्चमध्ये ऐकलं की हे टकलावरून हात फिरवून म्हणायचे, माझ्यापुरतं देवाचं काम सोपं आहे.

“आन् बिनसाखरेचा मागत व्हते,” ती म्हणाली.

“मग गोड का ठेवता?”

“मेल्या मानसाला फिका चा? लोक काय म्हनतील मला?”

मी हसले, मग रडले. मी त्यांची बायको, असं सांगितलं. ती दचकली नाही. “व्हय,” म्हणाली, “लय उशीर केला.”

“काही बोलले का?”

“माजं नाव इचारलं. काशीबाई म्हनलं. मान हालवली आन् गेले.”

भेटेल त्याचं नाव विचारायची त्यांची सवय होती. संध्याकाळच्या प्रार्थनेत ते ती सगळी नावं एकेक करून घ्यायचे.

मी डोळे पुसले. “काशीबाई, आमच्यात मेलेल्यापुढे काही ठेवत नाहीत. ते देवाजवळ आहेत. त्यांना तहान नाही.”

“आसंल. पर कप रिकामा हुतोय, त्याचं काय?”

“कुत्रं पीत असेल.”

“कुत्रं कप पालथा घालून ठिवतं व्हय?”

हे चहा संपला की कप बशीत पालथा घालायचे. मी ते तिला सांगितलं नाही. धुकं विरत होतं. मागे वळून पाहिलं, तर दगडावरचा कप बशीत पालथा होता. आम्ही दोघी तिथून हललो नव्हतो.

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. पाहिलं ते लिहिलं.

येताना ड्रायव्हरला विचारलं, नेमकी तिथेच का थांबवलीस? म्हणाला, “काय की. रोज जातो, हितं कंदी थांबत न्हाई.” मी त्याचंही नाव विचारून घेतलं.

पेठेला गेलेच नाही. दुधिवऱ्याच्या खिंडीतून लोणावळ्याला आले. तिथे लख्ख ऊन होतं. स्टेशनाजवळ गरम भजी खाल्ली आणि दुपारच्या गाडीने घरी पोचले.

देवाने यांना इतक्या लवकर का नेलं, ते मला अजून कळलेलं नाही. पण तीन वर्षं मी जे मागत होते, ते मी मागायला लागण्याआधीच त्याने दिलेलं होतं, एका टपरीवाल्या बाईच्या मांडीवर.

संध्याकाळी प्रार्थनेला बसले. त्या मंगळवारचं यांचं एक नाव घ्यायचं राहून गेलं होतं. आधी ते घेतलं.