तरी विचारावं

"विचारलंत काय?" हा त्यांचा पहिला प्रश्न असायचा आणि बहुतेक वेळा शेवटचाही. विचारताना ते उजव्या हाताचं बोट डाव्या तळहातावर टेकवायचे. तिथे पावती आहे आणि तिच्यावर सही राहिलीय, असं बघणाऱ्याला वाटावं. समोरचा हो म्हणाला की "सरी", म्हणजे कन्नडमधलं "ठीक", म्हणून हात खाली यायचा. नाही म्हणाला की बोट जिथल्या तिथे.

असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. सोसायटीत असतो, ऑफिसात तर असतोच. आपण त्याचं ऐकतो कमी आणि पाठीमागे त्याची नक्कल जास्त करतो. मीही करायचो, आणि बरी करायचो.

आमची ओळख बसमुळे झाली, पण खऱ्या बसमुळे नाही. कॉम्प्युटरवर बस चालवायचा एक खेळ आहे. मूळ खेळातले रस्ते परदेशातले, झाडून पुसून ठेवलेले. मग जगभरातले हौशी लोक त्यात आपापल्या गावच्या बस, रस्ते, थांबे, हॉर्न घालतात. असं पदरचं घातलेलं जे काही असतं, त्याला मॉड म्हणतात. मी नोकरीसाठी नागपूरहून बेंगळुरूला आलो, इलेक्ट्रॉनिक सिटीत भाड्याने राहू लागलो आणि दिवसभर दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढून झाल्या की घरी येऊन बस चालवू लागलो. दीड तास ट्रॅफिकमध्ये अडकून आलेला माणूस परत स्टिअरिंग का धरतो, हे माझ्या आईला अजून कळलेलं नाही. कर्नाटकातल्या बसचे मॉड करणाऱ्यांसाठी मी एक ऑनलाइन ग्रुप काढला. बारा जण जमले. त्यांतले दोन माझेच चुलतभाऊ, आणि त्यांनी तो खेळ उघडूनही पाहिला नव्हता.

ग्रुप वाढावा, एवढी एकच मला हाव होती. सकाळी दात घासायच्या आधी मी सदस्य किती झाले ते बघायचो.

तेरावे सदस्य म्हणजे हे "विचारलंत काय"वाले. वयाने सगळ्यांचे वडील शोभतील असे, म्हणून सगळे त्यांना अण्णा म्हणू लागले. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्याच एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. सहीशिवाय तिथून बोल्टसुद्धा बाहेर जायचा नाही, आणि हीच सवय घेऊन ते आमच्यात आले. घराणं मूळचं मराठी, पण शेकडो वर्षांपूर्वी इकडे येऊन राहिलेलं. "आमचे लोक लढाईला म्हणून आले," ते सांगायचे, "परतीची गाडी काय मिळाली न्हाई." महाराष्ट्रातून आलेला प्रत्येक जण त्यांच्या लेखी पुण्याचा. मी नागपूरचा आहे हे मी त्यांना चार वेळा सांगितलं. चारही वेळा त्यांनी ते मान्य केलं आणि पाचव्यांदा म्हणाले, "काय पुण्याचे, कॉफी घेऊ या?"

मॉड करताना सगळं काही स्वतः बनवावं लागत नाही. कुणाची चाकं घ्यायची, कुणाच्या सीट घ्यायच्या, कुणाचा आवाज. मूळ माणसाची परवानगी घ्यावी असा सगळीकडे रिवाज आहे आणि तो सगळीकडे मोडतात. अण्णांनी तो आमच्याकडे मोडू दिला नाही. एका सदस्याने सुंदर बस बनवली, पण तिचे वायपर पोलंडच्या कुठल्याशा गृहस्थाच्या मॉडमधून उचललेले. अण्णा म्हणाले, विचारा. विचारलं. तीन आठवडे उत्तर आलं नाही. तोवर आमची बस बिनवायपरची धावली आणि खेळात नेमका तेव्हा पाऊस लागलेला असायचा. समोरचं काही दिसायचं नाही, लोक खांबांना धडकायचे आणि अण्णा लिहायचे, "स्वल्प थांबा."

चौथ्या आठवड्यात त्या गृहस्थाचं उत्तर आलं. आजवर त्याला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून त्याला आधी वाटलं ही फसवणूक आहे. त्याने वायपर दिले, वर दरवाजे दिले आणि आपल्या ओळखीच्या चार जणांना आमच्याकडे धाडलं. आमचा ग्रुप खरा वाढला तो असा. इथे वस्तू चोरीला जात नाही, हे बनवणाऱ्यांना कळलं आणि बनवणारे आले. बनवणाऱ्यांच्या मागून चालवणारे आले. बाराचे बाराशे झाले. मी अण्णांना माझ्याबरोबरीने ॲडमिन केलं आणि श्रेय मात्र मित्रांत स्वतःच घेत राहिलो.

नवा माणूस आला की अण्णा त्याला स्वतः आत घ्यायचे. काय चालवता, काय बनवता, कुठल्या रूटवर वाढलात, असं विचारून. मी म्हटलं, हे मशीन करेल. ते म्हणाले, "मशीन विचारतंय, पण ऐकत न्हाई की."

आता मुख्य गोष्ट. आमच्या ग्रुपचा जीव होता आनेकलच्या रस्त्याचा नकाशा. शहरातून निघून बाहेरच्या आनेकल गावाच्या बसस्टँडपर्यंतचा अख्खा रूट कुणीतरी खेळात बनवला होता, आणि बहुतेक लोक आमच्याकडे त्याच्यासाठीच यायचे. बनवणारा आमच्या सुरुवातीच्या सदस्यांपैकी. टोपणनाव तेवढं माहीत, आणि दोन वर्षं त्याचा पत्ता नव्हता. मग खेळाची नवी आवृत्ती आली आणि नकाशा चालेना. बस अर्ध्या रस्त्यात जमिनीतून खाली पडायची. दुरुस्ती अवघड नव्हती, मीसुद्धा चार दिवसांत केली असती. पण त्यासाठी त्याची फाइल उघडून बदलावी लागणार.

अण्णांनी त्याला मेल पाठवला. मग दुसरा, मग तिसरा. सात झाले.

"उत्तर नाही म्हणजे त्याची हरकत नाही, अण्णा," मी म्हटलं.

"उत्तर न्हाई म्हणजे उत्तर न्हाई," ते म्हणाले.

तेवढ्यात काही जणांनी वेगळा ग्रुप काढला आणि कुणालाही न विचारता नकाशा दुरुस्त करून तिथे ठेवला. आमची माणसं तिकडे जाऊ लागली. रोज सकाळी आकडा उतरलेला दिसायचा. कुणीतरी तो दुरुस्त नकाशा आमच्याकडेही आणून टाकला, तो अण्णांनी काढला. त्या दिवशी मात्र माझं डोकं फिरलं. फोनवर मी त्यांना नको ते बोललो. हे तुमचं स्टोअर नाही, म्हटलं. चार वर्षं मी हे उभं केलं आणि तुम्ही ते एका सहीसाठी बुडवताय. सोमवारी तुम्हाला ॲडमिनपदावरून काढतो.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सरी. सोमवारी काढा. रविवारी माझ्याबरोबर आनेकलला चला."

रविवारी आम्ही बसने निघालो. वाटेत त्यांनी बेत सांगितला. त्या नकाशातली गावातली घरं म्हणजे नुसते रंगवलेले डबे. एकाच पिठाच्या गिरणीला खिडकी आहे, खिडकीत कॅलेंडर आहे, बाहेर दगडी बाक आहे आणि बाकाचा एक पाय विटेवर टेकवलाय. "एवढं कोण करतंय? ज्याचं घर असतंय तो करतंय." मी हे ऐकून खिडकीबाहेर पाहत बसलो. सोमवारची वाट बघत होतो म्हणा ना.

गिरणी बसस्टँडच्या मागच्या गल्लीत निघाली. बाक होता, वीट होती. कॅलेंडर या वर्षीचं होतं, एवढाच फरक. पिठाने पांढरा झालेला गिरणीवाला आमच्याकडे डब्याशिवाय आलेली माणसं म्हणून संशयाने बघत होता. अण्णांनी त्याला कन्नडमध्ये सगळं सांगितलं. त्याने आत वळून हाक मारली, आणि ओले हात पदराला पुसत त्याची मुलगी बाहेर आली. तिशीची असेल. जवळच जिगणीकडे कारखान्यात कामाला, त्या दिवशी सुट्टी. नकाशा तिचा. आम्ही चार वर्षं तिला "तो" म्हणत होतो.

अण्णांनी पिशवीतून सातही मेलांचे छापील कागद काढून तिच्यापुढे धरले. त्या पत्त्यावरचे मेल ती आता उघडतच नव्हती. तिने उभ्यानेच सगळे वाचले. मग शांतपणे म्हणाली की दोन वर्षांपूर्वी तिला तिचा नकाशा दुसऱ्या एका साइटवर दिसला. खाली भलत्याचं नाव. गिरणी काढून तिथे पेट्रोल पंप बसवलेला. "कुणी विचारलं नाही," ती म्हणाली, "मग मी बनवणं सोडलं."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं. मी नुसता त्या विटेकडे बघत उभा राहिलो आणि मला माझी लाज वाटली.

तिने शेवटच्या कागदावर परवानगी लिहून सही केली. अट एकच, गिरणी हलवायची नाही. तिच्या वडिलांनी आम्हाला नाचणीचं पीठ बांधून दिलं.

परतीच्या बसमध्ये अण्णा पुढे जाऊन कंडक्टरशी काहीतरी बोलत उभे होते. हातात फोन होता. आपल्या खेळात आनेकलच्या बसला कंडक्टरचा आवाज नाही, तो घेऊन ठेवला, असं जागेवर येऊन म्हणाले. त्यांनी बनवलेला तो एकुलता एक मॉड. मला माफी मागायची होती. उतरल्यावर मागू, म्हटलं. उतरल्यावर त्यांनी कॉफी पाजली आणि माफी राहून गेली. ती राहिलीच.

सोमवारी अर्थात मी कुणाला काढलं नाही. पुढे त्या बाईने स्वतःच नकाशा दुरुस्त केला आणि ती परत बनवू लागली. गेलेल्यांपैकी बरेच जण परतले, काही नाही परतले. अण्णांनी एक नियम वाढवला. प्रत्येक मॉडबरोबर माहितीची एक फाइल असते. तिच्या शेवटी एक ओळ सक्तीची केली: मी उत्तर दिलं नाही तर काय करावं. लोकांनी लिहिलं, खुशाल बदला. कुणी लिहिलं, हात लावू नका. एकाने लिहिलं, माझ्या धाकट्या बहिणीला द्या, तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

गेल्या वर्षी ते निवृत्त झाले. त्यानंतर काही महिन्यांनी एकदा तीन नवे लोक दोन दिवस ग्रुपबाहेर ताटकळत राहिलेले मला दिसले. असं कधी झालं नव्हतं. मी फोन केला. त्यांच्या पत्नीने घेतला. "ते गेले," त्या म्हणाल्या, "परवा सकाळी. कॉफी घेऊन बसले होते." त्या तिघांना मी आत घेतलं. काय विचारायचं ते सुचेना, म्हणून कुठल्या रूटवर वाढलात, तेवढं विचारलं.

या वर्षी खेळाची परत नवी आवृत्ती आली आणि आनेकलच्या बसमधला कंडक्टर मुका झाला. सगळे म्हणाले, अण्णांची फाइल, आपल्याच अण्णांची, दुरुस्त करून टाक. मलाही तसंच वाटलं. फाइल उघडण्याआधी सवयीने मी माहितीची ओळ पाहिली. त्यांनी लिहिलं होतं: "मी उत्तर दिलं नाही तर घरी जाऊन विचारावं. बायको हो म्हणेल. तरी विचारावं." खाली पत्ता.

मी गेलो. शहराच्या जुन्या भागात, खाली किराणा दुकान आणि वर घर. अण्णांच्या पत्नीने, अक्कांनी, दार उघडलं, माझ्याकडे आणि लॅपटॉपच्या बॅगकडे पाहिलं.

"तुमी पुण्याचे काय?"

"हो," मी म्हटलं.

"विचारायला आलात. येतील म्हणाले होते कोणतरी. हो म्हणायचं हाय मला, पण काय हाय ते दाखवा तर आधी."

जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून मी त्यांचं मूळ रेकॉर्डिंग लावलं. खेळात आम्ही फक्त कंडक्टरचं गाडी सोडायचं "रैट, रैट" ऐकत आलो होतो. फाइल त्याआधी सुरू होत होती. इंजिनची घरघर, आणि मग अण्णांचा आवाज, थोडा संकोचलेला, जरा रेकॉर्ड करून घेऊ का असं विचारणारा: "स्वल्प रेकॉर्ड माडकोळ्ला, सार?" कंडक्टर हसला, घ्या की म्हणाला: "माडकोळ्ळी, माडकोळ्ळी." मग शिट्टी, मग रैट, रैट. आपलं विचारणं अण्णांनीच खेळाबाहेर ठेवलं होतं.

अक्कांनी खुर्ची लॅपटॉपजवळ ओढली. म्हणाल्या, "परत लावा." मी लावलं. तिसऱ्यांदा मात्र त्यांनी मला विचारलं, "हे सुरवातीचं, खेळात ऐकू येत न्हाई काय?"

"नाही, अक्का."

"येऊ दे की."

"सरी," मी म्हटलं. त्यांनी चष्मा लावला आणि म्हणाल्या, "सही कुठं करू?" मी कागद आणलेला नव्हता. त्यांच्या कॅलेंडरच्या मागच्या पानावर ती घेतली.

आता आनेकलची बस सुटताना आधी एक माणूस विचारतो, मग कंडक्टर हो म्हणतो, मग गाडी हलते. नवे सदस्य दर आठवड्याला चूक म्हणून कळवतात: सुरुवातीला कुणाचा तरी जास्तीचा आवाज राहिलाय, काढून टाकू का? मी त्यांना लिहितो की ती चूक नाही. काढायचाच असेल, तर कुणाच्या घरी जाऊन विचारायचं ते फाइलीत लिहिलेलं आहे.