फळ्यावर फिरलेली सुई

आमच्या शाळेत संगणक आले त्या वर्षी चुंबकांना बंदी झाली. खोटं वाटेल, पण खरं आहे. उदारीकरणाचे दिवस होते, हैदराबादेत गल्लोगल्ली कंप्युटर क्लासच्या पाट्या लागत होत्या. मग आमची मुलींची शाळा मागे कशी राहणार? संगणकांना खोली हवी म्हणून माझी प्रयोगशाळा गेली. खिडक्यांना पडदे लागले, एसी बसला आणि मुली देवळात जावं तशा चपला बाहेर काढून आत जाऊ लागल्या. चुंबकाने फ्लॉपी पुसली जाते, असं कुणीतरी हेडमास्तरांच्या डोक्यात भरवलं. त्यांनी माझी चुंबकं, होकायंत्रं, तारा, सगळं एका कपाटात कोंबून कुलूप ठोकलं.

नेमका त्याच सुमारास मला दहावीला विजेचा आणि चुंबकाचा संबंध शिकवायचा होता. हा धडा सांगून कळत नाही, बघावाच लागतो. होकायंत्रावर तार धरायची आणि सेल जोडायचा. सुईला कुणी हात लावत नाही, तरी ती फिरते. सेल काढला की मुकाट्याने परत उत्तरेकडे. दरवर्षी त्या क्षणी सगळा वर्ग बाकांवरून पुढे झुकायचा. माझ्या नोकरीत मला सुख म्हणाल तर एवढंच होतं, बाकी सगळं वह्या तपासणं.

मी हेडमास्तरांशी चांगलीच भांडले. म्हटलं, अहो, त्या फ्लॉपीवर लिहितात तेही विजेने चुंबक करूनच, हाच तर माझा धडा आहे! ते हात जोडून म्हणाले, "मॅडम, अभी नक्को. उद्घाटन हो जाने दो, फिर चाबी आपकोच देतूं." उद्घाटन झालं, चाचणी परीक्षा झाली. मी किल्ली मागत राहिले आणि ते हात जोडत राहिले. शेवटी बोर्डाची परीक्षा तोंडावर आली तेव्हा मी रंगीत खडू घेऊन फळ्यासमोर उभी राहिले. सुई काढायची, पुसायची, तिरकी काढायची, पुन्हा पुसायची. पहिल्या बाकावर गौलीगुड्याहून येणारी, मूळच्या नांदेडकडची एक मुलगी बसायची. तिने विचारलं, "टीचर, सुई सच्ची फिरते का हो?"

"फिरते गं. दाखवेन तुला," मी म्हटलं. परीक्षा झाली, मुली पांगल्या, ते राहूनच गेलं. त्याची चुटपुट मला निवृत्तीनंतरही सुटली नाही.

मध्यंतरी आबिड्सला एका दुकानात तीच मुलगी भेटली. आता मोठ्या कंपनीत संगणकावर काम करते. भर दुकानात माझ्या पाया पडली आणि बरोबरच्या लेकाला सांगू लागली, "ह्या माझ्या टीचर. यांनी आम्हाला हात न लावता सुई फिरवून दाखवली होती. अजून डोळ्यांपुढे आहे माझ्या."

गप्प बसले असते तर काय बिघडलं असतं? पण न केलेल्याचं कौतुक मला पचत नाही.

"अगं, ती फळ्यावर फिरली होती," मी म्हटलं. "खडूची."

तिचं हसू तसंच राहिलं, पण ती काहीतरी आठवू लागली.

"गुलाबी होती," ती हळूच म्हणाली.

"हो. गुलाबी."

"म्हणजे मी बघितलीच नाही, टीचर?"

मला फार वाईट वाटलं. "नाही गं," मी म्हटलं. "तुमच्या वर्गात कुणीच नाही."